सीझरला मान म्हणजे हुकूमशाहीला मान?

१५ मार्च आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. इ.स.पू. ४४ मध्ये या दिवशी ब्रूटस आणि मंडळींनी ज्युलियस सीझर या हुकूमशहाला मारून रोमची लोकशाही वाचवली, जनतेने सुटकेचा निःश्वास टाकला. पुढची अंत्ययात्रा आणि सीझरचं मंदिर हा सगळा त्याचा साथीदार मार्क अँटनीचा बनाव, आणि सीझरला मान देणं म्हणजे हुकूमशाहीला मान देणं. असा एकूण सूर. मजकूर वाचायला झकास आहे, पण एकेक वाक्य तपासायला घेतलं की अडचण होते.

'लोकशाही वाचवली.' कुठली? इ.स.पू. १३३ मध्ये सरकारी जमीन गरिबांना वाटायला निघालेल्या टायबेरियस ग्राकसला सिनेट या उमरावांच्या सभेतल्या सभासदांनीच बाकांचे पाय आणि दंडुके घेऊन ठेचून मारलं. पुढे सुल्ला या हुकूमशहाने कोणाकोणाला मारायचं याच्या याद्या भर चौकात लावल्या. तेव्हा सीझर जेमतेम विशीला टेकत होता.

आणि या लोकशाहीचा तारणहार ब्रूटस? त्याने सायप्रसमधल्या सलामिस शहराला ४८ टक्के व्याजाने कर्ज दिलं होतं. वसुलीला गेलेल्या त्याच्या माणसाने, स्काप्टियसने, घोडेस्वार आणून नगरसभेलाच वेढा घातला. पाच सभासद आतल्या आत उपासमारीने मेले. हे सीझरच्या भाटांनी रचलेलं नाही. त्या प्रांताचा कारभार हाती आल्यावर सिसेरो या वक्त्या-राजकारण्याने स्वतःच्या पत्रांत ते लिहून ठेवलंय, आणि ब्रूटस त्याच्या स्नेह्यांपैकी होता. सिसेरोने व्याजाला १२ टक्क्यांची मर्यादा घातली होती. ब्रूटसची माणसं ती मानायला तयार नव्हती.

'मान हा अँटनीचा बनाव.' इथे १७ मार्चची सिनेटची बैठक मुद्दाम पाहायला हवी. मारेकऱ्यांचा मूळ बेत प्रेत टायबर नदीत फेकायचं, मालमत्ता जप्त करायची आणि सीझरचे सगळे निर्णय रद्द करायचे असा होता. पण सीझर जुलमी ठरला तर त्याने केलेल्या नेमणुकाही बेकायदा ठरणार! ब्रूटस आणि कटाचा दुसरा म्होरक्या कॅसियस यांची प्रेटरपदं (वरिष्ठ न्यायाधिकाऱ्याची पदं) सीझरच्या मर्जीने मिळालेली, कटातल्याच डेसिमस ब्रूटसला उत्तर इटलीतला प्रांत सीझरनेच नेमून दिलेला. खुर्ची सोडायची कोणाची तयारी? शेवटी ठरलं ते असं: मारेकऱ्यांना माफी, पण सीझरचे निर्णय कायम, आणि सार्वजनिक अंत्यविधीलाही मंजुरी मिळाली. ज्याचे हुकूम अधिकृत, ज्याने दिलेली पदं तुम्ही उपभोगणार, त्याचं प्रेत तेवढं नदीत फेकायचं, हे कुठल्या न्यायात बसतं?

'जनता सुटली.' खुनानंतर मारेकरी रक्ताळलेले सुरे नाचवत स्वातंत्र्याच्या घोषणा देत निघाले. लोकांनी दारं लावून घेतली, आणि या वीरांना कॅपिटल टेकडीवर आसरा घ्यावा लागला. प्रेत बराच वेळ सीझरचा जुना प्रतिस्पर्धी पॉम्पी याच्या सभागृहात तसंच पडून होतं. शेवटी तीन गुलामांनी ते पालखीत घालून घरी नेलं. एक हात बाहेर लोंबत होता, असं रोमन चरित्रकार सुएटोनियस सांगतो. नंतर सीझरचं मृत्युपत्र वाचलं गेलं: प्रत्येक नागरिकाला ३०० सेस्टर्स (रोमन नाणी) आणि टायबरपलीकडच्या बागा सर्वांना खुल्या.

फोरममध्ये, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, चिता पेटली तेव्हा लोकांनी बाकं आणून टाकली, सैनिकांनी शस्त्रं, बायकांनी अंगावरचे दागिने. अँटनीने लोकांना चेतवलं, कबूल. त्या जमावाने केवळ नावाच्या घोळापायी कवी हेल्व्हियस सिन्नाचा जीव घेतला, तेही लाजिरवाणंच. पण रोममधले ज्यू पुढे कित्येक रात्री त्या चितेपाशी जमत राहिले, ते काय अँटनीच्या भाषणापायी? पॉम्पी त्यांच्या जेरुसलेममधल्या मंदिराच्या गाभाऱ्यात घुसला होता. सीझरने जेरुसलेमचा तट पुन्हा बांधायला परवानगी दिली होती.

सुधारणांची यादी लांबवत नाही. पो नदीपलीकडच्या लोकांना नागरिकत्व, कॉरिंथ आणि कार्थेज पुन्हा वसवणं, आणि आपण किंचित दुरुस्तीने आजही वापरतो ते कॅलेंडर. ते जुळवायला इ.स.पू. ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचं करावं लागलं.

'तहहयात हुकूमशहा' हा आरोप मात्र खरा आहे आणि ते पद त्याने घ्यायलाच नको होतं. पण पॉम्पीशी झालेल्या फार्सालसच्या लढाईत विरुद्ध बाजूला असलेल्या ब्रूटसला त्याने जीवदान दिलं आणि पदही दिलं. कॅसियसलाही तेच. सुल्लासारख्या याद्या त्याने लावल्या नाहीत. त्या परत लागल्या इ.स.पू. ४३ मध्ये, तो गेल्यावर, आणि त्यांत सिसेरो गेला. जिवंतपणी नाण्यावर स्वतःचा चेहरा पाडून घेतला हीसुद्धा सीझरवरची तक्रार होती. ब्रूटसने खुनाची आठवण म्हणून नाणं पाडलं: एका बाजूला दोन सुरे, दुसऱ्या बाजूला ब्रूटस.

सीझरविरुद्धचा सगळ्यात जड मुद्दा त्या मजकुरात नाहीच: गॉल, म्हणजे साधारण आजचा फ्रान्स, जिंकतानाचा संहार. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क दहा लाख मेले म्हणतो. आकडा फुगवलेला धरला तरी संहार भयंकरच होता. तहाची बोलणी चालू असताना त्याने जर्मन टोळ्यांची कत्तल केली, तेव्हा त्याचा कट्टर विरोधक केटो याने सिनेटमध्ये सीझरलाच त्यांच्या ताब्यात द्या अशी मागणी केली होती. त्या कारणाने कोणी मान नाकारत असेल तर मी ऐकून घेईन. पण कटातले डेसिमस ब्रूटस, ट्रेबोनियस आणि गाल्बा हे तिघेही गॉलमध्ये सीझरचेच सेनाधिकारी होते.