'फुकटचं जेवण' म्हणणाऱ्या वाचकांस

'स्पष्टवक्ता' या नावाने लिहिणारे वाचक, सप्रेम नमस्कार. (सप्रेम सवयीने लिहिलं गेलं. राहू दे.)

नर्मदा जयंतीच्या निमित्ताने लिहिलेल्या माझ्या लेखावर तुमची भलीमोठी प्रतिक्रिया आली. लेखात मी सांगितलं होतं ते थोडक्यात असं : सरस्वती तीन दिवसांत पावन करते, यमुना सात दिवसांत, गंगा तत्काळ, नर्मदेच्या मात्र नुसत्या दर्शनाने माणूस शुद्ध होतो, 'दर्शनादेव नार्मदम्', अशी पुराणांतली श्रद्धा आहे. म्हणूनच तिथे बुडी मारून परतण्यापेक्षा तिला उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा, म्हणजेच परिक्रमा, घालण्याचं महत्त्व मोठं.

यावर तुमची सुरुवातच "भाबड्या बाईंचा भाबडा लेख" अशी. अहो, मतभेद असू शकतात, पण समोरच्याला आधी मूर्ख ठरवून मग मुद्दा मांडायचा ही कुठली पद्धत? आमच्याकडे शेजाऱ्याशी बांधावरून भांडण असलं तरी आधी 'या, बसा' म्हणतात. तुम्ही वयाने मोठे असाल तर जरा जपून लिहायला हवं होतं, आणि लहान असाल तर मग बोलायलाच नको.

एक गोष्ट मान्य करते. घाटावर दीपदानासाठी प्लास्टिकच्या वाट्या सोडतात त्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के बरोबर आहे. पानांचे द्रोण, कणकेचे दिवे वापरावेत. इथे आपलं एकमत.

आता तुमचं ते वाक्य. "पेन्शनर मंडळींनी गोरगरिबांच्या दारात फुकटचं जेवत फिरायचं आणि त्याला अध्यात्म म्हणायचं." हे वाचून मी दोन दिवस गप्प बसले. कारण ज्या दारांबद्दल तुम्ही बोलता, त्यातलं एक आमचं होतं.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याची. नदीकाठची जुनी वाट सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली गेल्यावर दक्षिण तटाचे कितीतरी परिक्रमावासी खेतियाहून शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा असे सडकेने पुढे जातात. 'नर्मदे हर' अशी हाक ओट्याशी आली की माझी आई हातातलं काम टाकून उठायची. सदाव्रत म्हणजे आमच्याकडे कोरडा शिधा : कणीक, तुरीची डाळ, मीठ-हळद, कागदात बांधलेली चहा-साखर. आलेला माणूस पिशवीतून नर्मदाजलाची बाटली काढायचा, ओट्याचा कोपरा पुसून तिथे ठेवायचा आणि मगच स्वतः टेकायचा. संध्याकाळी त्याच बाटलीची पूजा-आरती. एका म्हाताऱ्या बाबांनी तर आईने दिलेली अर्धी कणीक परत केली होती. "आज का हो गया, माताजी. कल का मैया देखेगी." साठवायचं नाही हा परिक्रमेचा नियम आहे, साहेब. जेवढं लागेल तेवढंच घ्यायचं, नाही मिळालं तर पाणी पिऊन झोपायचं.

आणि पुण्याचे एक निवृत्त अधिकारी आले होते. त्यांच्या तोंडून हाकच फुटेना. फाटकाशी नुसते उभे. आयुष्यभर लोकांनी यांच्या टेबलापुढे ताटकळत उभं राहायचं, आणि आज यांना एका अनोळखी बाईकडे पीठ मागायचं होतं. आईने ओळखलं, तिनेच आतून 'नर्मदे हर' म्हटलं. त्यांनी पीठ घेतलं तेव्हा मान वर केली नाही. तुम्ही म्हणता ते फुकटचं जेवण हे असं असतं. किंमत तिथेच वसूल होते. तुम्ही एकदा मागून बघा.

पूर्वी नर्मदाकाठच्या जंगलात, शूलपाणीच्या झाडीत, भिल्ल लोक परिक्रमावासींना अंगावरच्या लंगोटीपर्यंत लुटायचे. त्यांना परिक्रमावासी 'मामा' म्हणत, मैयाच्या माहेरचे म्हणून. सगळं गेलं की म्हणायचे, मैयाने ओझं उतरवलं. तुम्हाला हेही भाबडंच वाटेल. पण आधी लुटलं जाऊन रिकामं व्हायचं आणि पुढच्या गावात कुणाच्या तरी हातचं खायचं, हा या नदीच्या भक्तीचा गाभा आहे. परंपरेने परिक्रमेला ३ वर्षे ३ महिने १३ दिवस लागतात, चातुर्मासात एका जागी थांबायचं, नदी कुठेही ओलांडायची नाही, मुखाशी तेवढं नावेने समुद्रातून पलीकडच्या तटावर जायचं. १३१२ किलोमीटरची नदी दोन्ही तटांनी चालायची म्हणजे किती, याचा हिशोब तुम्हीच करा. फुकट जेवण्यासाठी एवढी पायपीट कोण करतो हो?

"स्वतः परिक्रमा केलीत का?" असंही विचारलंत. नाही केली. गुडघे साथ देत नाहीत. पण वाढणाऱ्याच्या बाजूने मी जे पाहिलं ते तुम्ही गूगलवर पाहिलेलं नाही, एवढं निश्चित.

मासे चोवीस तास पाण्यात असतात, मग ते सर्वांत पुण्यवान का, हा तुमचा विनोद फार जुना आहे. तुकोबांनी वरवर कातडी धुणाऱ्यांना याहून कडक सुनावलंय, आणि तरी स्वतः पंढरीची वारी सोडली नाही. असो.

राहिला धरणांचा मुद्दा. "बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर, नदी उरलीच कुठे, प्रदक्षिणा तलावांना घालता का?" यावर तुम्ही पाच-सहा ओळी लिहिल्यात. तो राजकारणाचा विषय आहे, माझ्या लेखाचा नव्हता. सरदार सरोवरात बुडालेलं मणिबेली गाव आमच्याच जिल्ह्यातलं, बुडितातल्या लोकांच्या वसाहती तळोद्याच्या बाजूला मी पाहिल्यात, त्यामुळे मला ते शिकवायची गरज नाही. सरदार सरोवराची १३८ मीटरची भिंत उभी राहिली तरी लोक चालायचे थांबले नाहीत, माझ्यापुरतं एवढं उत्तर पुरे.

पुढच्या वेळी खऱ्या नावाने लिहा. 'बाई' म्हणालात तर चालेल, 'भाबड्या' नको. आणि माझ्या आईने कुणाला काय आणि का वाढलं यावर पुन्हा टोमणा आला, तर ती प्रतिक्रिया मी काढून टाकेन. आत्ताच सांगून ठेवते, मग अभिव्यक्तीच्या नावाने ओरडू नका.