समाजकल्याणाचा निधी जसाच्या तसा शिल्लक कसा ठेवावा

महापालिकेच्या अर्थसंकल्पात समाजकल्याणाची तरतूद कापणारा माणूस कच्चा समजावा. कापली की मोर्चा येतो, महासभेत कुणीतरी राजदंडाला हात घालतो, दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट छापून येते. तुम्ही कापू नका. तरतूद घसघशीत करा आणि ती खर्च होणार नाही, एवढंच बघा.

सुरुवात टक्केवारीपासून. महिला व बालकल्याणाला ५ टक्के, दिव्यांगांना ५ टक्के हे बंधन मोडता येत नाही. पण पाच टक्के कशाचे? समजा अर्थसंकल्प १,००० कोटींचा आहे. अनुदानं आणि कर्ज मिळून ३५० कोटी बाजूला काढा. पगार, पेन्शन, वीजबिल, कर्जाचे हप्ते, म्हणजे बांधील खर्च, ४५० कोटी. तोही वजा करा. उरले २००, त्याचे ५ टक्के म्हणजे १० कोटी. भाषणात मात्र १,००० कोटींचाच आकडा घ्या.

हे १० कोटीसुद्धा समाजविकास विभागाच्या हाती पडू देऊ नका. गल्लीत दिवे लावले की खर्च महिला सुरक्षेच्या लेखाशीर्षावर, म्हणजे अर्थसंकल्पातल्या त्या खात्यावर, टाका. पदपथाला उतार दिला की झालं दिव्यांग कल्याण. उताराच्या तोंडाशीच खांब उभा असला तरी हरकत नाही, खांब विद्युत विभागाचा असतो. समाजविकास अधिकाऱ्याचं पद रिक्त असेल तर भरू नका. आस्थापना खर्च, म्हणजे पगार-पेन्शनचा, ३५ टक्क्यांच्या मर्यादेवर गेलाय, हे कारण तयारच असतं. वस्त्यांत योजना पोहोचवणाऱ्या, मानधनावरच्या समूह संघटिकांना सर्वेक्षणाला आणि निवडणुकीच्या कामाला जुंपा.

उरलेलं काम कॅलेंडर करतं. एप्रिल-मे जुन्या लाभार्थ्यांच्या पडताळणीत घालवा. जूनमध्ये योजनांचे निकष ‘फेरविचारार्थ’ समितीपुढे ठेवा आणि विषय दोनदा तहकूब होऊ द्या. ऑगस्टमध्ये अर्ज मागवा, मुदत १५ दिवस. कागदपत्रांत चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), रहिवासाचा पुरावा आणि आधार जोडलेलं बँक खातं हवं. दाखला मिळेपर्यंत मुदत संपते. तरीही जे पोहोचतील, त्यांच्या आधारवरचं आणि पासबुकातलं नाव ताडून बघा. एका वेलांटीच्या फरकावर अर्ज परत जाऊ शकतो.

शिलाई यंत्रांसारखी वस्तू द्यायची असेल तर निविदेच्या अटी अशा लिहा की एकच ठेकेदार बसेल. एकच निविदा आली म्हणून फेरनिविदा, तिला मुदतवाढ, मग दर जास्त म्हणून वाटाघाटी. तोवर निविदेची १२० दिवसांची वैधता संपलेली असते. हे सगळं नियमात बसतं, म्हणून तर मजा.

बेघरांच्या निवाऱ्याला जरा जास्त जपावं लागतं. लाख लोकसंख्येमागे एक निवारा, चोवीस तास उघडा, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. माणशी ५० चौरस फूट जागा हवी, म्हणून मोजताना जिना आणि व्हरांडाही धरा. निवारा बंद कधीच करू नका. चालवणाऱ्या संस्थेची बिलं फक्त थांबवा: पहिल्या तिमाहीला हजेरीपटाची साक्षांकित प्रत मागा, दुसऱ्या तिमाहीला पहिलं बिल प्रलंबित असल्याचा शेरा मारा. संस्था काळजीवाहकाचा पगार दोन-चार महिने पदरचा देईल, नंतर किल्ल्या आणून देईल. फायलीवर लिहा: ‘संस्था इच्छुक नाही.’

फेब्रुवारीत वर्गीकरण. अखर्चित रक्कम डांबरीकरणाकडे वळवायची. प्रस्तावात लेखाशीर्षाचा फक्त क्रमांक द्या, नाव नको. विषय आयत्या वेळी घ्या आणि सचिवांना क्रमांक वाचायला सांगा. २०२२ पासून बऱ्याच महापालिकांत प्रशासक होते, तेव्हा मांडणारा आणि मंजूर करणारा एकच असायचा. ते सुख सारखं लाभत नाही, म्हणून ही तालीम.

धोका एकच आहे. एखादी बाई सप्टेंबरमध्येच येते आणि माहिती अधिकारात ‘तरतूद’ नव्हे, ‘महिनावार प्रत्यक्ष खर्च’ मागते, शिवाय वर्गीकरणाच्या ठरावांच्या प्रतीही. तिला अर्थसंकल्पाचं जाडजूड पुस्तक द्या. ती पुस्तकाच्या मागच्या वर्षाच्या रकान्यावर बोट ठेवून तिथंच बसली, तर खर्च करण्यावाचून इलाज नाही. न बसली तर ३१ मार्चनंतर लेखापरीक्षक आक्षेप काढतील: ‘निधी अखर्चित का?’ उत्तर द्या, ‘पात्र लाभार्थ्यांचा प्रतिसाद अल्प,’ आणि नव्या वर्षाची तरतूद १० टक्क्यांनी वाढवून टाका.