‘एल-आय’ दिसलं म्हणून डिस्क फॉरमॅट करू नका!

जुन्या लिनक्स मशीनवरच्या लिलो या बूटलोडरबद्दल, म्हणजे मशीन चालू होताना ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीत आणणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल, एक मेसेज सध्या फिरतोय. माझा मावसभाऊ तो वाचून डिस्क फॉरमॅट करायला निघाला होता, म्हणून त्यातल्या एकेका दाव्याबद्दल हे लिहितोय.

‘स्क्रीनवर एल-आय येऊन मशीन थांबलं की डिस्क गेली. फॉरमॅट करा.’

गेलेली डिस्क फॉरमॅट करून काय मिळणार, हेही लिहिणाऱ्याला सुचलेलं नाही. लिलो आपल्या नावाची चार अक्षरं एकेक करून छापतो, ती प्रगतीची खूण म्हणून. पहिला एल म्हणजे पहिला टप्पा चालू झाला. आय म्हणजे दुसरा टप्पा मेमरीत आला. तो चालू झाला की दुसरा एल, आणि सगळं जुळलं की ओ. म्हणजे आय दिसला याचाच अर्थ डिस्क वाचली गेली! लिलो मुळात लिहिणारे वर्नर आल्मेसबर्गर यांच्या माहितीपत्रकात एल-आयची दोनच कारणं आहेत: डिस्कची भूमिती (डिस्कवरच्या जागा मोजायचा हिशोब) जुळत नाही, किंवा दुसऱ्या टप्प्याची फाइल हलवली आणि लिलो पुन्हा चालवला नाही. बहुतेक वेळा लाइव्ह सीडीवरून (सीडीवरूनच चालणाऱ्या लिनक्सवरून) मशीन चालू करायचं, रूट पार्टिशन (डिस्कचा लिनक्स असलेला मुख्य भाग) माउंट करायचं, म्हणजे जोडून घ्यायचं, सी-एच-रूट करून, म्हणजे त्या लिनक्सच्या आत शिरून, लिलो ही कमांड द्यायची, एवढ्यावर भागतं.

आता एक कबूल करायला हवं. एकटा एल आणि पुढे आकडे आले, तर डिस्क खराब असू शकते. तरीही आधी डेटा काढून घ्या. फॉरमॅटचं नाव नको.

‘कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलताना त्याच्या फाइलचं नाव तेच ठेवा, बाकी काही करावं लागत नाही.’

साफ चूक. बूट होताना लिलोला फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवरची फाइलींची मांडणी, कळत नाही. कर्नल डिस्कवर कुठल्या सेक्टरांत (डिस्कच्या छोट्या तुकड्यांत) आहे, याची यादी तो आधीच मॅप फाइलमध्ये करून ठेवतो. नाव तेच राहिलं तरी नवी फाइल दुसऱ्या सेक्टरांत जाते. कर्नल बदलला की लिलो चालवायचाच. ही कटकट आहे, आणि ग्रब या दुसऱ्या बूटलोडरमध्ये ती नाही, हेही खरं.

‘डिस्कवर १०२४ सिलिंडरच्या (डिस्कवरची जागा मोजायच्या वर्तुळाकार पट्ट्यांच्या) पुढचं बूट होत नाही.’

एके काळी होत नव्हतं. लिलोच्या नंतरच्या आवृत्त्यांत एलबीए३२ हा, सिलिंडरऐवजी सरळ सेक्टरचा क्रमांक वापरणारा, पर्याय आला आणि प्रश्न मिटला.

‘लिलो विंडोज पुसतो.’

नाही. एमबीआरच्या (डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरच्या) ५१२ बाइटांपैकी पार्टिशन टेबलाला, म्हणजे डिस्कचे भाग कुठे आहेत या नोंदीला, तो हात लावत नाही, आणि जुन्या बूट सेक्टरची प्रत बूट डिरेक्टरीत ठेवतो. ती प्रत शाबूत असेल तर ‘लिलो -यू’ दिलं की आधीचा बूट सेक्टर परत बसतो.