'समितीसमोर मूल नेलं की आईबापाचा हक्क संपला' म्हणे!

परत तो मेसेज फिरायला लागलाय, लाल सायरनच्या इमोजीसकट. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: बाल कल्याण समितीसमोर (अनाथ, निराधार मुलांचे निर्णय घेणारी जिल्ह्याची सरकारी समिती) मूल नेलं की त्याच दिवशी आईबापाचा हक्क कायमचा जातो, अमेरिकेसारखा कायदा इथं आणलाय, गरिबांची मुलं उचलून श्रीमंतांना दत्तक देतात, लग्न न झालेल्या आईवर केस होते, त्यापेक्षा शंभराच्या स्टँप पेपरवर नोटरी करून ओळखीच्या माणसाला मूल देऊन टाका. शेवटी अर्थातच "जास्तीत जास्त शेअर करा". एकेक घेऊ.

"त्याच दिवशी हक्क जातो." साफ खोटं. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 35 बघा. आईबापाला परिस्थितीमुळे मूल सांभाळणं खरंच अशक्य असेल तर आधी त्यांचं समुपदेशन होतं, चौकशी होते, मग समितीपुढे सरेंडर डीडवर, म्हणजे मूल सोपवत असल्याच्या कागदावर, सही आणि सहीनंतरही 2 महिने विचार बदलायला मिळतात. तेवढे दिवस बाळ शिशुगृहात असतं, दत्तकासाठी कुणाला दाखवतसुद्धा नाहीत, आणि आई परत आली की समिती चौकशी करून बाळ तिच्याकडे देऊ शकते. ही मुदत गेली की मात्र सरेंडर पक्कं, तिथे ढिलाई नाही, त्यामुळे "बघू नंतर" म्हणून दिवस घालवू नका. पुढे समितीचे कमीत कमी 3 सदस्य मिळून मूल लीगली फ्री, म्हणजे दत्तक द्यायला कायद्याने मोकळं, ठरवतात, मग दत्तक आईबाबा मिळतात, आणि शेवटी दत्तकाची ऑर्डर निघते, जी पूर्वी कोर्ट द्यायचं आणि सप्टेंबर 2022 पासून जिल्हाधिकारी देतात. जन्मदात्या घराशी नातं कायद्याने तुटतं ते या ऑर्डरच्या तारखेपासून, कलम 63. तेव्हासुद्धा मुलाच्या नावावर आधीच काही मालमत्ता आलेली असेल तर ती त्याचीच राहते, हे कुणी सांगत नाही.

सापडलेल्या बाळांचं जरा वेगळं असतं. पेपरात आतल्या पानावर छोट्या चौकटी येतात बघा, बाळाचा धुरकट फोटो, कुठे आणि कधी सापडलं, अंगावर काय होतं, आणि खाली पालकांनी संपर्क साधावा असं आवाहन. ती जाहिरात जागा भरायला नसते, आईबापाला शोधायचा सगळा प्रयत्न केल्याशिवाय मूल फ्री करताच येत नाही. या शोधासाठी 2 वर्षांपर्यंतच्या मुलाला 2 महिने आणि त्यापेक्षा मोठ्याला 4 महिने ठरलेत.

"अमेरिकेसारखा कायदा." तिकडे कोर्ट आईबापाच्या मनाविरुद्ध त्यांचे हक्क तोडू शकतं हे खरंय. 1997 च्या त्यांच्या कायद्याप्रमाणे मूल मागच्या 22 महिन्यांपैकी 15 महिने फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारच्या ताब्यात दुसऱ्या घरी, राहिलं तर काही अपवाद सोडून सरकारला तसा अर्ज करावाच लागतो. आपल्याकडे असं घड्याळ लावलेलं नाही. मूल बालगृहात आहे आणि आईबाप भेटायला येतायत तर त्याला घरी कसं पाठवता येईल हे बघणं समितीचं पहिलं काम. आणि समितीची ऑर्डर चुकीची वाटली तर 30 दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं.

"गरिबांची मुलं उचलतात." नुसती गरिबी हे मूल काढून घ्यायचं कारण नाही, मुलाला संस्थेत ठेवणं हा कायद्यात शेवटचा उपाय म्हटलाय. उलट त्याच समितीच्या मंजुरीने आपल्याकडे सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत बाप वारलेल्या किंवा सोडून गेलेल्या घरात मुलाला महिन्याला 2250 रुपये मिळतात, मूल आईजवळच राहतं. पैसे रखडतात, ऑफिसच्या चकरा मारून चपला झिजतात, ती ओरड खरी आहे, त्यावर मेसेज फिरवा ना.

"कुमारी मातेवर केस." बाल न्याय कायद्याच्या कलम 38 मध्ये स्पष्ट लिहिलंय की सोडलेल्या किंवा सरेंडर केलेल्या मुलाच्या चौकशीत जन्मदात्या आईबापावर एफआयआर होणार नाही. लग्न झालं नसेल तर एकट्या आईची सही पुरते, बाळाच्या बापाला शोधत फिरायला लागत नाही. मुलगी 18 च्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो, पण तो त्या माणसावर, तिच्यावर नाही.

आता तो स्टँप पेपर. (शंभराचा कुठे मिळतो हो, 2024 मध्ये महाराष्ट्रात बहुतेक कामांना पाचशेचा केला की.) नोटरी म्हणजे दत्तक नव्हे. हिंदूंमध्ये थेट दत्तक देता येतं, 1956 चा हिंदू दत्तक कायदा आहे, पण त्याच्या अटी आहेत: आईबाप दोघांची संमती, साधारणपणे मूल 15 च्या आत, प्रत्यक्ष देणं-घेणं, आणि पैशाची देवघेव अजिबात नाही. पुरावा म्हणून वजन असतं ते रजिस्टर केलेल्या दस्ताला, नोटरीच्या शिक्क्याला नाही. आणि गंमत बघा, "हक्क जाईल" म्हणून ज्या समितीची भीती घालतायत तिथे 2 महिने मिळतात, आणि या कायद्याने एकदा रीतसर दत्तक दिलं की कलम 15 प्रमाणे ते रद्दच करता येत नाही, दुसऱ्या दिवशी रडत गेलात तरी. नुसती नोटरी केली असेल तर तिसरीच तऱ्हा, आई कागदावर सही करून मोकळी आणि मूल ज्यांच्याकडे वाढतं ते शाळेत, वारसाहक्कात, पासपोर्टला त्याचे कायदेशीर आईबाप नाहीत. वर मधल्या माणसाने पैसे घेतले असतील तर ती मुलाची विक्री, 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख दंड, आणि दवाखान्यातला कुणी सामील असेल तर 3 ते 7 वर्षं.

शेवटी एक ओळ होती, मोठं झाल्यावर मूल आईला कधीच शोधू शकत नाही. शोधू शकतं. 18 पूर्ण झाली की संस्थेकडे किंवा कारा या केंद्रीय यंत्रणेकडे स्वतः अर्ज करता येतो, त्याआधी दत्तक आईबाबांबरोबर. फक्त आईने भेटायला नकार दिला तर तिचं नाव-पत्ता देत नाहीत, आणि तिसऱ्या कुणाला तर ही माहिती मागताच येत नाही.