‘चालू राऊटर बदलायला लावतात’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार.

आधी एक विनंती. रिव्ह्यूसोबत टाकलेल्या फोटोत राऊटरच्या तळाचं लेबल दिसतंय. मॉडेल, हार्डवेअर व्हर्जन, सिरियल नंबर, मॅक ॲड्रेस, सगळं वाचता येतंय. तो फोटो आजच रिव्ह्यूमधून हटवा. कुठल्या ऑफिसात कुठला जुना राऊटर बसलाय, हे जाहीर असू नये. म्हणून खाली तुमच्या मॉडेलचं नाव घेत नाही, बाजारात सर्वांना माहीत असलेली उदाहरणं देतो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: राऊटर 9 वर्षं बिनतक्रार चालतोय, तरी आम्ही तो एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) घेत नाही. 3 महिन्यांपूर्वी फर्मवेअर (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करण्याचे 1,200 रुपये घेतले आणि आता बदला म्हणतो. कोटेशनमध्ये स्विचही (ऑफिसचे पीसी केबलने एकमेकांना जोडणारा डबा) घातला. आणि ‘राऊटर काय दुधाची पिशवी आहे, एक्स्पायर व्हायला?’

1,200 रुपयांबाबत तुमचं बरोबर आहे. आमच्या माणसाने टाकलेलं फर्मवेअर त्या मॉडेलसाठी निघालेलं शेवटचं होतं, तेही काही वर्षांपूर्वीचं. ते टाकलं हे योग्यच, कारण तुमच्याकडे त्याहून जुनं होतं. पण ‘यापुढे काही येणार नाही’ हे त्याच दिवशी सर्व्हिस रिपोर्टवर लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. पैसे परत करतोय.

एएमसीचा नकार मात्र कायम आहे. डबा चालू असणं वेगळं आणि त्याच्यामागे कंपनी उभी असणं वेगळं. बहुतेकांचा समज असतो की सपोर्टची मुदत आपल्या बिलाच्या तारखेपासून मोजतात. तसं नसतं. ती कंपनीने विक्री थांबवल्याच्या तारखेपासून मोजतात. सिस्को ही नेटवर्क उपकरणांची कंपनी साधारण 6 महिने आधी विक्रीबंदीची सूचना काढते. विक्री थांबल्यावर फर्मवेअरमधले दोष दुरुस्त करण्याची मुदत लवकर संपते, हार्डवेअर बदलून देण्याची त्याहून बरीच लांब असते. मोठ्या स्विच-राऊटरना विक्रीबंदीनंतर साधारण 5 वर्षं बदली मिळते, पण त्यासाठी सर्व्हिस करार हवा आणि नवा करार जोडायची संधी बहुधा पहिल्या वर्षापुरतीच असते. नंतर पैसे घेऊन उभं राहिलं तरी तो करार मिळत नाही.

सिस्कोचेच आरव्ही 110 डब्ल्यू, आरव्ही 130 आणि आरव्ही 215 डब्ल्यू या राऊटरचं उदाहरण घ्या. विक्री 2 डिसेंबर 2019 ला थांबली, फर्मवेअर दुरुस्ती 1 डिसेंबर 2020 ला. डीलरकडे पडून राहिलेला नग कोणी 2020 च्या दिवाळीत घेतला असेल, तर त्याला महिनाभरही अपडेट मिळाली नाही. ऑगस्ट 2021 मध्ये या राऊटरच्या यूपीएनपी सेवेत (आतल्या उपकरणांसाठी राऊटरचे दरवाजे आपोआप उघडणारी सोय) सुरक्षेचं भोक सापडलं. गंभीरता 10 पैकी 9.8, लॉगिनशिवाय बाहेरून हवा तो कोड चालवता येईल असं. कंपनीने स्पष्ट सांगितलं: दुरुस्ती येणार नाही, यूपीएनपी बंद करा. जून 2022 मध्ये याच राऊटरमध्ये आणखी एक भोक निघालं आणि उत्तर तेच मिळालं. जानेवारी 2023 मध्ये पाळी आली आरव्ही 042 ची, म्हणजे दोन इंटरनेट लाइन जोडायला छोट्या ऑफिसांनी मोठ्या विश्वासाने घेतलेल्या डब्याची. पासवर्ड न देताच ॲडमिन (सेटिंगच्या) पानात शिरता येत होतं. तिथेही दुरुस्ती नाही, फक्त उपाय: रिमोट मॅनेजमेंट (इंटरनेटवरून राऊटरची सेटिंग बदलण्याची सोय) बंद करा आणि 443 व 60443 हे पोर्ट (राऊटरमध्ये शिरायचे क्रमांकित दरवाजे) अडवा.

एएमसीत आम्ही दोन गोष्टींची हमी देतो: बिघडलं तर बदली नग आणि भोक सापडलं तर दुरुस्ती. तुमच्या मॉडेलसाठी यातलं एकही आमच्या हातात नाही. तरी वर्षाचे पैसे घेणारे भेटतील. त्यांना एवढंच विचारा की फर्मवेअर कुठून आणणार.

‘रिसेट करून चालेल ना?’ असं तुम्ही फोनवर विचारलं होतं. अमेरिकेच्या न्याय विभागाने जानेवारी 2024 मध्ये शेकडो छोट्या राऊटरवर पसरलेलं केव्ही नावाचं बॉटनेट (घुसखोरांनी ताब्यात घेतलेल्या उपकरणांचं जाळं) मोडल्याचं जाहीर केलं. त्यातले बहुतेक राऊटर सपोर्ट संपलेले होते. त्यांनी आतला घुसखोर प्रोग्राम काढला, पण मालकांना बजावलं की नुसतं रीस्टार्ट केलंत तर राऊटर पुन्हा बाधित होऊ शकतो. रिसेटचंही तसंच. सेटिंग कोरी होतात, जुन्या फर्मवेअरमधलं भोक तसंच राहतं. उलट काही मॉडेलमध्ये रिसेटनंतर यूपीएनपी आणि कंपनीचा मूळ पासवर्ड पुन्हा चालू होतो.

नवा राऊटर येईपर्यंत, कोणाकडूनही घ्या, एवढं करून ठेवा. रिमोट मॅनेजमेंट आणि यूपीएनपी बंद. मग मोबाइलचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावरून ऑफिसचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) ब्राउझरमध्ये टाकून पाहा. लॉगिनचं पान उघडलं तर रिमोट मॅनेजमेंट अजून चालूच आहे. पान उघडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, ते दुसऱ्या पोर्टवर असू शकतं. पोर्ट फॉरवर्डिंगची (बाहेरून येणारं कुठल्या पीसीकडे वळवायचं त्याची) यादी उघडा. अकाउंटिंगच्या पीसीकडे 3389 (विंडोज पीसी दुरून चालवायचा पोर्ट) सरळ उघडा दिसला तर तो आधी बंद करा, राऊटर नवा असता तरी तेच सांगितलं असतं. पीपीटीपी व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कात यायची जुनी पद्धत) बंद करा, त्याची सुरक्षा 2012 पासूनच मोडीत निघाली आहे. डीएनएसच्या (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) जागी तुमच्या इंटरनेट कंपनीचा किंवा ओळखीचा पत्ता आहे ना, तेही बघा. अनोळखी पत्ता म्हणजे कोणीतरी आत येऊन गेलंय असं धरून चाला.

ॲडमिन पान नव्या ब्राउझरमध्ये उघडतच नसेल तर घाबरू नका. ब्राउझरनी 2020 मध्ये टीएलएस 1.0 आणि 1.1 (सुरक्षित जोडणीच्या जुन्या पद्धती) बंद केलं, जुन्या राऊटरला बहुधा तेवढंच येतं. त्यासाठी जुना ब्राउझर ठेवलेला एक लॅपटॉप केबलने जोडावा लागतो.

स्विचचं म्हणाल तर ती चूक आमची. तुमचा 24 पोर्टचा स्विच अनमॅनेज्ड आहे. त्याला आयपी पत्ता नाही, लॉगिन नाही, इंटरनेटकडे तोंड नाही. तो मरेपर्यंत वापरा. पंखा किंवा पॉवर सप्लाय जाईल तेव्हा पाहू. कोटेशनमधून काढलाय. एक मात्र आहे: त्याचे पोर्ट 100 एमबीपीएसचे असतील तर 300 ची लाइन घेऊनही प्रत्येक पीसीला 94-95 च्या आसपासच वेग मिळेल. ती सुरक्षेची नाही, सोयीची गोष्ट.

नवा राऊटर घेताना किंमत शेवटी विचारा. मॉडेलसोबत हार्डवेअर व्हर्जन विचारा, कारण एकाच नावाच्या व्ही 1 आणि व्ही 3 चं फर्मवेअर वेगळं असतं. एकाचं दुसऱ्यावर चढवलं तर डबा उठत नाही. कंपनीच्या साइटवर त्या व्हर्जनचं शेवटचं फर्मवेअर कधी आलं ते बघा. वर्ष-दीड वर्षात काही आलं नसेल तर स्वस्त असला तरी सोडा. सुरक्षा अपडेट कधीपर्यंत, हे लेखी मागा. ब्रिटनमध्ये इंटरनेटला जोडायच्या घरगुती उपकरणांसाठी ही मुदत जाहीर करणं 29 एप्रिल 2024 पासून कायद्याने सक्तीचं आहे. इथे आपणच विचारायचं.

जुन्याची बॅकअप फाइल नव्यावर चढणार नाही. म्हणून पीपीपीओई (इंटरनेट लाइनचं लॉगिन) युजरनेम, पोर्ट नियम, राखीव आयपी आणि व्हीपीएनच्या पानांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. पीपीपीओई पासवर्ड पानावर ठिपक्यांतच दिसतो, तो इंटरनेट कंपनीकडून आधीच मागून घ्या. बदलाच्या दिवशी यावरच सगळ्यात जास्त वेळ जातो.

जुना डबा फॅक्टरी रिसेट केल्याशिवाय भंगारात देऊ नका. लाइनचा पासवर्ड आणि व्हीपीएनच्या किल्ल्या त्यात असतात. रिसेट झाला की नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या, किंवा आमच्याकडे पाठवा. आम्ही तिथेच पाठवतो, त्याचे पैसे लागत नाहीत.