योकोझुनाचे पाय बघा

डब्ल्यूडब्ल्यूईचा पैलवान रोमन रेन्सच्या अनोआई या पैलवान घराण्याचा विषय निघाला की लोक रिकिशी, उमागा, द उसोज अशी नावं भराभर घेतात. योकोझुनाचं नाव आलं की मात्र ठरलेलं वाक्य येतं, "तो जाड्या? नुसता अंगावर बसायचा!" हे मी शाळेपासून ऐकतोय आणि आता मला ते ऐकवत नाही. गेले दोन आठवडे रोज रात्री त्याचे १९९२ ते १९९४ मधले सामने पुन्हा बघतोय. माझं मत आता पक्कं झालंय. त्या दीड वर्षात डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये (आताच्या डब्ल्यूडब्ल्यूईत) आपल्या अंगाचं गणित त्याच्याइतकं कळलेला दुसरा जड पैलवान नव्हता.

आपल्यातल्या बऱ्याच जणांची त्याच्याशी ओळख ट्रम्प कार्डांमधून, म्हणजे पैलवानांची उंची-वजनं छापलेल्या पत्त्यांमधून झाली. वजन पुकारलं की डाव आपला. मला वाटतं त्या पत्त्यानंच त्याचं नुकसान केलं. माणूस एका आकड्यात मावला आणि पुढे कुणी बघितलंच नाही.

माझे चुलते तालमीत वाढलेले. ही सगळी नुरा कुस्ती, निकाल आधीच ठरलेला, म्हणून ते टीव्हीकडे पाठ करून बसायचे. एकदा योकोझुनाची कुस्ती चालू असताना मात्र मागे वळले, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "ह्याचे पाय बघ. एवढं अंग, पण पाऊल कुठं चुकत नाही." जत्रेच्या फडात अंगानं जड पैलवान पाच मिनिटांत धापा टाकायला लागतो हे त्यांनी आयुष्यभर बघितलेलं. तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही. आता कळतंय.

योकोझुनाचं खरं नाव रॉडनी अनोआई. जन्म १९६६ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा, घर सामोअन. 'वाइल्ड सामोअन्स' जोडीतला अफा हा त्याचा मामा-काकांपैकी आणि गुरूही. मेक्सिको, जपान करून तो १९९२ च्या शेवटी डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये आला तो जपानी सुमो पैलवान म्हणून. सुमोशी त्याचा काही संबंध नव्हता. ते मीठ उधळणं, त्याचा मॅनेजर मिस्टर फुजीचा तो जपानी झेंडा, हे सगळं आज बघताना मला खटकतं, एका समाजाची केलेली ती नक्कल आहे. पण सोंग कंपनीनं दिलेलं होतं. रिंगमधलं काम त्याचं स्वतःचं होतं, आणि मी बोलतोय ते त्या कामाबद्दल.

१९९३ च्या सुरुवातीचा जिम डगनचा प्रसंग आठवा. योकोझुनाला कुणीच पायावरून हलवू शकत नाही, हे आव्हान. डगन धावत येऊन धडकतो, योको हलत नाही. पुन्हा धडकतो, तो किंचित डुलतो. मग एक पाऊल मागे जातं. मग हात हवेत फिरायला लागतात. प्रेक्षक खुर्चीवरून उठलेले असतात, आणि तेव्हा कुठे तो पडतो. पडणं एवढं लांबवायचं आणि तरी खोटं वाटू द्यायचं नाही, यालाच मी कसब म्हणतो. नुसतं उभं राहणं कुणालाही जमेल. कधी डुलायचं, किती डुलायचं हे ज्याला कळतं तोच समोरच्याला मोठा करतो. टाळ्या डगनला मिळाल्या, त्या योकोनं मिळवून दिल्या होत्या.

आणि ते 'अंगावर बसणं', म्हणजे बांझाई ड्रॉप. कोपऱ्यातल्या दुसऱ्या दोरीवरून सव्वादोनशे किलोच्या वरचा माणूस खाली पडलेल्याच्या छातीवर उडी घेतो. जरा चूक झाली तर बरगड्या जातील. हे त्यानं आठवड्यामागून आठवडे केलं. सगळं वजन खालच्यावर येऊ न देता आपल्या पायांवर आणि मांड्यांवर घ्यायचं, आणि बघणाऱ्याला मात्र वाटलं पाहिजे की खालचा माणूस संपला. चुलते म्हणायचे ते पाय हेच.

जानेवारी १९९३ मध्ये त्यानं रॉयल रंबल, म्हणजे एकेकाला दोरीवरून बाहेर फेकायची तीस पैलवानांची झुंज, जिंकली, शेवटी रँडी सॅव्हेजला बाहेर काढून. ४ एप्रिलला लास वेगासला रेसलमेनिया ९ या कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात ब्रेट हार्टला हरवून विजेता झाला. वय २६. त्याच रात्री, काही सेकंदांत, पट्टा हल्क होगनकडे गेला. हा निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. जूनमध्ये किंग ऑफ द रिंग या कार्यक्रमात योकोनं तो परत घेतला. होगनच्या लेग ड्रॉपनंतरही, म्हणजे पडलेल्यावर उडी घेऊन पाय आपटायच्या त्याच्या डावानंतरही, योको उठतो ती जागा बघा. वर्षानुवर्षं जो डाव म्हणजे शेवट, तो इथे शेवट ठरत नाही. पुढे रिंगच्या कडेला होगनच्या तोंडासमोर एका फोटोग्राफरचा कॅमेरा फुटायचा उद्योग झाला, पण माझ्यासाठी कुस्ती त्या उठण्यातच फिरली होती. त्या उन्हाळ्यात होगननं डब्ल्यूडब्ल्यूएफ सोडली आणि परतला तो थेट २००२ मध्ये.

योकोच्या उणिवा मी झाकणार नाही. मानेजवळची ती नस दाबून धरण्याची पकड तो फार वेळ लावून ठेवायचा, सामना तिथे थांबतो. १९९५ पासून वजन हाताबाहेर गेलं, चाल मंदावली. लोकांच्या डोक्यात तोच शेवटचा योको बसलाय, आणि त्या दोन वर्षांवरून आधीची दोन वर्षं मोजली जातात, हा अन्याय आहे. २३ ऑक्टोबर २००० ला लिव्हरपूलच्या हॉटेलात तो गेला तेव्हा जेमतेम ३४ वर्षांचा होता. डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव आलं २०१२ ला.

एकच सामना बघणार असाल तर २० मार्च १९९४, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, रेसलमेनिया १० बघा. त्या रात्री तो आधी लेक्स लुगरशी लढला आणि मग ब्रेटशी. ब्रेटही त्याच रात्री भाऊ ओवेनशी लढून आलेला, त्याचं कौतुक सगळे करतात आणि ते रास्तच आहे. पण दुसऱ्या कोपऱ्यातला माणूसही त्या रात्री दुसऱ्यांदाच उतरला होता, हे कुणी बोलत नाही. शेवटी बांझाई ड्रॉपसाठी तो दोरीवर चढतो, तोल जातो आणि पाठीवर सपाट कोसळतो. रिंगची जमीन म्हणजे लाकडी फळ्या आणि वर पातळ फोम. हनुवटी छातीला लावलेली, हात पसरलेले, सगळा मार पाठीवर सारखा वाटून घेतलेला. ब्रेट उठून त्याचा पाय पकडतो आणि तीन मोजले जातात. ते पडणं मी काल रात्री चार वेळा मागे घेऊन बघितलं.