बॉसचे हिट पॉइंट्स डबल केले म्हणजे फाइट बॅलन्स झाली असं होत नाही

"बॉस लवकर मरतोय? हिट पॉइंट्स डबल करा, विषय संपला." हा सल्ला डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून टेबलावर खेळायचा कथेचा खेळ) चालवणाऱ्या डीएम लोकांमध्ये इतका फिरतोय की नवीन डीएम पहिला ड्रॅगन टेबलवर आणायच्या आधीच त्याचे आकडे फुगवून बसलेला असतो. सोबत चार गोष्टी सांगतात. एक, बॉस मरतो कारण त्याचे हिट पॉइंट्स (किती मार खाऊन मरतो तो आकडा) कमी असतात. दोन, सीआर (चॅलेंज रेटिंग, मॉन्स्टर किती अवघड ते सांगणारा आकडा) पार्टीच्या, म्हणजे खेळाडूंच्या टोळीच्या, लेव्हलएवढा घेतला की फाइट बरोबरीची. तीन, लेजेंडरी रेझिस्टन्स (फेल गेलेला बचाव पास करून घ्यायची बॉसची सोय) म्हणजे चीटिंग, ते काढा आणि त्याबदली हिट पॉइंट्स द्या. चार, तरी कमी पडलं तर चालू फाइटमध्ये गुपचूप वाढवा. मला यातलं एकही पटत नाही, आणि का नाही ते आकड्यांनीच सांगतो. आकडे डी अँड डी पाचव्या आवृत्तीचे, 2014 च्या नियमांतले, कारण मी तेच चालवतो.

पहिला मुद्दा सगळ्यात जास्त चुकलेला आहे म्हणून तो नीट बघू. ट्रोल घ्या, सीआर 5, आर्मर क्लास (फटका लागायला गाठायचा आकडा) 15, हिट पॉइंट्स 84. समोर पाचव्या लेव्हलची चार जणांची पार्टी. ग्रेटसोर्डवाला फायटर दोन अटॅक मारतो, एक लागला तर सरासरी 11 डॅमेज, आणि 20 बाजूंच्या फाशात +7 मिळवून 15 गाठायचे म्हणजे 65 टक्के चान्स, म्हणजे राउंडला (सगळ्यांची एकेक टर्न झाली की एक राउंड) साधारण 14. सोयीसाठी चौघांचंही तेवढंच धरा, 56 झाले. कोणीतरी दर राउंडला आग लावतंय म्हणून ट्रोलचं रीजनरेशन (आपोआप जखमा भरणं) बंद. दोन राउंडमध्ये ट्रोल आडवा. आता करा डबल, 168. तीन राउंड. झालं काय? आधी पार्टीला आठ टर्न आणि ट्रोलला दोन, आता पार्टीला बारा आणि ट्रोलला तीन. चारास एक हे प्रमाण जसंच्या तसं राहिलं, फक्त सगळ्यांनी तेच अजून एकदा केलं. बॉस मरतो तो टर्न कमी मिळतात म्हणून, आणि टर्न कमी असणाऱ्याला आयुष्य वाढवून दिलं तर तो फक्त जास्त वेळ मार खातो.

हे आधी करून झालेलं आहे हो. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत एकट्याने लढायचे सोलो मॉन्स्टर होते, त्यांना भरमसाट हिट पॉइंट्स दिलेले, आणि लोकांची तक्रार हीच होती की फाइट संपता संपत नाही, शेवटचा अर्धा तास नुसते फासे टाकणं. 2010 मध्ये मग खेळ बनवणाऱ्यांनी गणित बदललं आणि मॉन्स्टरचं डॅमेज वाढवलं.

आणि डबल करणारे अजून एक गोष्ट विसरतात. हिट पॉइंट्स वाढवले की बॉस नुसता टिकत नाही, तो जास्त मारतोही. यंग रेड ड्रॅगनचा फायर ब्रेथ सरासरी 56 डॅमेज करतो आणि सहा बाजूंच्या फाशावर 5 किंवा 6 आला की परत भरतो. पहिल्या टर्नला ब्रेथ टाकला आणि फाइट तीन राउंड चालली तर दुसरा ब्रेथ येण्याची शक्यता 56 टक्के, तीच फाइट सहा राउंड चालली तर 87. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे 32 हिट पॉइंट्स असतात, सेव्ह (बचावाचा फासा) लागला तरी 28 जातात. म्हणजे ट्रोलच्या बाबतीत डबल केल्याने कंटाळा आला आणि ड्रॅगनच्या बाबतीत अख्खी पार्टी मेली, एकाच सल्ल्याने. याला बॅलन्स कसं म्हणायचं?

माझा मार्ग सांगतो. ट्रोलचे 84 तसेच ठेवा आणि त्याला इनिशिएटिव्हमध्ये (टर्नच्या क्रमात) दोन जागा द्या, एकीवर चावा आणि एक पंजा, दुसरीवर थोडं सरकून दुसरा पंजा. डॅमेज एका आकड्यानेही वाढलं नाही, पण आता तो फायटरला चावून झाल्यावर मध्येच विझार्डकडे वळतो आणि सगळे खुर्चीत सरळ होऊन बसतात. लेजेंडरी अ‍ॅक्शन्स (दुसऱ्यांच्या टर्ननंतर बॉसला मिळणाऱ्या जादा चाली) यासाठीच आहेत. अडल्ट रेड ड्रॅगन दुसऱ्याची टर्न संपली की पंख झापडून जवळच्यांना पाडू शकतो आणि लगेच 40 फूट उडून जाऊ शकतो. हे न वापरता त्याला चौघांच्या मधोमध जमिनीवर उभा केला तर त्याच्या 256 चे 512 हिट पॉइंट्स करूनही काय उपयोग?

सीआरचं थोडक्यात. सीआर 5 चा अर्थ असा की चार जणांची, आराम करून आलेली, व्यवस्थित सामान असलेली पाचव्या लेव्हलची पार्टी कोणीही न मरता त्याला हरवेल. म्हणजे पार्टीने जिंकावं हेच गृहीत आहे, बरोबरीची लढत कुठेच लिहिलेली नाही. शिवाय नियम दिवसाला सहा ते आठ फाइट्स धरून चालतात, आपण दिवसात एकच ठेवतो आणि पार्टी सगळे मोठे स्पेल तिथेच ओतते. उलट बाजूने बघा, शॅडो या मॉन्स्टरचा सीआर अर्धा आहे, पण तो स्ट्रेंग्थ (ताकदीचा आकडा, शून्य झाला की मरण) खातो, 8 स्ट्रेंग्थचा विझार्ड तीन-चार फटक्यांत मरू शकतो, मग त्याचे हिट पॉइंट्स कितीही असोत.

लेजेंडरी रेझिस्टन्सची तक्रार मला कळते. खेळाडूने विचार करून आपला मोठा स्पेल टाकला, बॉसचा सेव्ह फेल गेला, सगळे ओरडले आणि डीएम म्हणाला "नाही, पास", हे खरंच वाईट लागतं. पण ते काढून हिट पॉइंट्स दिले तर होल्ड मॉन्स्टर (जागीच खिळवणारा स्पेल) बसला की ड्रॅगन पॅरलाइझ, जवळून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल (डॅमेजचे फासे दुप्पट), आणि मग 256 काय नि 512 काय. त्यापेक्षा त्याची किंमत दिसू द्या. माझ्या टेबलवर ड्रॅगन रेझिस्टन्स वापरतो तेव्हा त्याचे खवले तडकून गळतात, आर्मर क्लास एकाने कमी होतो. स्पेल वाया गेला असं मग कोणी म्हणत नाही, पुढचा खेळाडू लगेच विचारतो आता अजून किती उरले.

आता ते गुपचूप वाढवणं. हे मी एकदा केलंय. पॅलाडिनने क्रिटिकलवर शेवटचा स्माइट (वाराला जादा डॅमेज देणारी ताकद) ओतला, बॉस मरायला हवा होता, मला फाइट अजून थोडी हवी होती म्हणून मी 40 वाढवले. तो खेळाडू कागदावर डॅमेज मांडत होता. तो काही बोलला नाही, पण त्यानंतर त्याने मांडणं बंद केलं, आणि स्माइट कधी वापरायचा याचा विचार करणंही. तेव्हापासून मी फाइटच्या आधी आकडा ठरवतो आणि लिहून ठेवतो. ट्रोलचे 84 हे 8डी10+40 (दहा बाजूंचे आठ फासे अधिक 40) मधून आलेत, म्हणजे नियमांतच 48 ते 120 एवढी जागा आहे, टणक ट्रोल हवा असेल तर आधीच 110 लिहा, पण पहिला फासा पडल्यावर त्या आकड्याला हात लावू नका.